कांगडा खोरे: धर्मशालेपलीकडे काय पाहावे, कोणत्या क्रमाने?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हिमाचलातल्या कांगड्याला जाऊन आलेल्यांच्या याद्या पाहिल्या, तर मॅक्लिओडगंज, भागसूचा धबधबा, त्रिउंड, मोमो आणि परत, असा सगळा प्रकार दिसतो. माझ्या मते हे म्हणजे खोऱ्याच्या गच्चीवर जाऊन घर न बघता उतरणं झालं. देवळं, चहामळे, गद्दी लोक, जुनी चित्रकला हे सगळं खाली आहे.

जाणार आहोत दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. हातात सहा दिवस. सोबत सत्तरीतले आई-बाबा. पायऱ्या चालतील, पण दमानं. प्रश्न असे:
बैजनाथ, मसरूर, ब्रजेश्वरी, ज्वालामुखी, चामुंडा यांतलं काय ठेवावं, काय गाळावं? छोटी रेल्वे मिळते का? आणि कुठे फसगत होते?

---

घाटवाट

आधी नकाशा डोक्यात बसवा, बाकी सगळं सोपं होतं. उत्तरेला धौलाधारची भिंत, दक्षिणेला शिवालिकच्या बुटक्या रांगा, मधे पश्चिम-पूर्व पसरलेलं खोरं. धौलाधारचं वैशिष्ट्य असं की पायथ्याच्या टेकड्यांची मोठी उतरंड नाही. हजार-बाराशे मीटरवरच्या भातशेतीतून नजर थेट साडेचार हजार मीटरच्या बर्फाला भिडते. म्हणून पालमपूरच्या बाजारात उभं राहूनही डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो.

या भिंतीवरून उतरणारे ओढे म्हणजे 'खड्ड'. चामुंडाला बनेर, पालमपूरला न्यूगल, बैजनाथला बिनवा. सगळे शेवटी बियासला मिळतात. रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि हे सगळे त्याला आडवे येतात. त्यामुळे नकाशावर चाळीस किलोमीटर दिसले तरी उतार, पूल, चढ, वळण असं करत दीड तास धरा. धर्मशाला ते पालमपूर साधारण ३५ किमी, पालमपूर ते बैजनाथ १६.

नोव्हेंबर उत्तम. पावसाळ्यात धर्मशालेला वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास कोसळतो, तो संपून हवा धुतलेली असते. डोंगर मात्र सकाळीच बघा. दुपारनंतर ढग चढतात.

---

रुळावरून

रेल्वेचं सांगतो. पठाणकोट-जोगिंदरनगर, १६४ किमी, रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, १९२९ साली प्रवाशांसाठी सुरू. जोगिंदरनगरजवळच्या शानन जलविद्युत प्रकल्पाचं अवजड सामान न्यायला ही लाईन टाकली. सिमल्याच्या गाडीसारखे शंभर बोगदे इथे नाहीत, फक्त दोन आहेत. आखणी करणाऱ्यांनी डोंगर फोडण्याऐवजी वळसे घेतले, त्यामुळे खिडकीतून सतत काहीतरी दिसत राहतं.

अडचण अशी: ऑगस्ट २०२२ च्या पुरात पठाणकोटजवळचा चक्की नदीवरचा पूल कोसळला. तेव्हापासून सेवा तुकड्या-तुकड्यांत चालू-बंद होत आली आहे. दरड आली की बंद. त्यामुळे निघायच्या आठवड्यात कोणता भाग चालू आहे ते बघूनच ठरवा. सगळा बेत गाडीवर टांगू नका.

मिळाली तर पूर्ण प्रवासाचा हट्ट नको. पूर्ण लाईनला नऊ-दहा तास लागायचे, आई-बाबांची कंबर धरेल. कांगडा ते पपरोला एवढाच तुकडा घ्या. पूर्वेकडे जाताना डावीकडची खिडकी, धौलाधार तिकडे असतो.

आणि फसगतीची यादी, कारण दरवर्षी कुणीतरी अडकतंच:
नगरोटा दोन आहेत. मसरूरसाठी नगरोटा सूरियाँ, आणि चामुंडाच्या बाजूला नगरोटा बगवाँ. दोन्हींमध्ये बरंच अंतर.
'ज्वालामुखी रोड' स्टेशनवर उतरलात की देऊळ सुमारे २० किमी लांब.
'कांगडा' आणि 'कांगडा मंदिर' ही वेगळी स्टेशनं. ब्रजेश्वरीला दुसरं जवळ.
पुण्याहून झेलम एक्सप्रेस पठाणकोट छावणीला थांबते, जुनं नाव चक्की बँक. छोटी गाडी पठाणकोट जंक्शनची. मधे रिक्षा.

---

गोगलगाय

म्हणजे स्टेशनचं नाव वाचून उतरायचं नाही, नाव वाचून विचार करायला बसायचं.

---

मोडीवाला

देवळांच्या यादीत एक तारीख आधी लिहून ठेवा: ४ एप्रिल १९०५. सकाळी सव्वासहाच्या सुमाराचा भूकंप, सुमारे वीस हजार माणसं गेली. कच्च्या विटांच्या भिंती, वर दगडी पाट्यांचं जड छप्पर आणि माणसं अजून घरात. आज खोऱ्यात जे काही दिसतं ते या तारखेच्या अलीकडचं की पलीकडचं, हे कळलं की निम्मी निराशा टळते.

ब्रजेश्वरीचं देऊळ त्या दिवशी कोसळलं. आजची इमारत १९२० ची. 'प्राचीन मंदिर' म्हणून शिल्पं शोधत गेलात तर हिरमोड होईल. तिथे जायचं ते जिवंत क्षेत्र म्हणून. संक्रांतीला देवीच्या पिंडीवर लोण्याचा जाड थर चढवतात आणि तो आठवडाभर ठेवतात. लोणी आधी गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन घेतात, १०१ वेळा असं सांगितलं जातं. नवरात्रात पिवळ्या कपड्यांतले उत्तर प्रदेशचे जत्थे दिसतात, ते ध्यानू भगताच्या परंपरेतले.

कांगड्याचा किल्लाही भूकंपात खिळखिळा झाला. गझनीच्या महमूदाने १००९ मध्ये लुटलेला, जहांगीरने १६२० मध्ये घेतलेला, १८०९ मध्ये रणजितसिंगांकडे गेलेला आणि १८४६ पासून इंग्रजांची शिबंदी असलेला हा किल्ला. आता दरवाजे, तट आणि आत लक्ष्मीनारायण-अंबिका देवळांचे अवशेष. चढ बराच आणि फरसबंदी गुळगुळीत. आई-बाबांना शेवटपर्यंत चढवायची गरज नाही. पहिल्या दोन दरवाजांपर्यंतही जागेचा अंदाज येतो.

बैजनाथ मात्र उभं राहिलं. म्हणून एकच देऊळ बघायचं असेल तर ते.

---

परळीकर

वैजनाथ म्हटल्यावर आम्हाला परळी सोडून एवढ्या लांब कशाला पाठवता हो! 'परल्यां वैद्यनाथं च' हे पाठ करूनच मोठे झालो.

---

मोडीवाला

@परळीकर, देवघरचे लोक 'वैद्यनाथं चिताभूमौ' हा पाठ घेऊन बसलेत, त्यांच्याशी आधी मिटवा. कांगड्याचं बैजनाथ या भांडणात सहसा धरत नाहीत. तिन्हीकडे कथा मात्र तीच: रावण लिंग घेऊन लंकेला निघाला, वाटेत खाली ठेवावं लागलं, ते तिथेच रुतलं. बैजनाथला म्हणून दसऱ्याला रावण जाळत नाहीत. तो शिवभक्त, त्याला जाळलं तर अनिष्ट होतं अशी गावात समजूत.

या कथेपेक्षा मला मंडपातल्या दोन शिलापट्टांत जास्त रस आहे. लिपी शारदा, भाषा संस्कृत. मन्युक आणि आहुक या दोन व्यापारी भावांनी हे देऊळ बांधलं, शके ११२६, म्हणजे इ.स. १२०४. गावाचं तेव्हाचं नाव कीरग्राम, देवाचं वैद्यनाथ. राजाने नाही, दोन व्यापाऱ्यांनी. कारागिरांची नावंही कोरली आहेत. एवढा स्वच्छ लेखी पुरावा असलेली देवळं हिमालयात मोजकी. शिखराची दुरुस्ती पुढे कांगड्याचा राजा संसारचंदने अठराव्या शतकाच्या शेवटी केली, त्यामुळे वरचा भाग आणि खालचा भाग एकाच काळचा समजू नका.

बघायचा क्रम: आधी बाहेरून प्रदक्षिणा. भिंतींतल्या कोनाड्यांतल्या मूर्ती सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. मग मंडपाच्या बाजूंचे सज्जे, मग आतले शिलालेख. पुजाऱ्यांना विचारलं तर पट्ट दाखवतात. फोटो कुठे चालतो ते आधी विचारा. महाशिवरात्रीच्या जत्रेत यातलं काहीही नीट बघता येत नाही.

---

लेणीवेडा

मसरूर गाळू नका. हिमालयातलं वेरूळ आहे ते! अख्खं कातळात कोरलेलं, आठव्या शतकातलं. कैलास बघितलेल्या मराठी माणसाने तर बघायलाच हवं.

---

मोडीवाला

गाळू नका याला अनुमोदन. 'हिमालयातलं वेरूळ' याला मात्र सक्त विरोध, कारण त्या अपेक्षेने गेलेला माणूस 'एवढंच?' म्हणून परततो.

कैलासात बेसाल्टच्या उतारात खोल चर खणून मधला ठोकळा सुटा केला आणि मग वरून खाली कोरला. घडण द्राविड विमानाची, म्हणजे दक्षिणी पद्धतीची, मजल्यामजल्यांनी चढत जाणारी. मसरूरला वालुकाश्माची टेकडीच वर आलेली होती, तिच्या माथ्याची शिखरं केली. भोवती खंदकासारखा चर नाही. शिखरं नागर, म्हणजे उत्तरेकडच्या निमुळत्या पद्धतीची. बरीच देवळं फक्त बाहेरून कोरलेली, खरा आत शिरण्याजोगा गाभारा मुख्य देवळाला. काम अर्धवटही राहिलेलं. आणि शिवालिकचा वालुकाश्म मऊ, पाण्याने झिजतो. वर १९०५ चे तडे. काही शिल्पं सिमल्याच्या राज्य संग्रहालयात हलवली आहेत. दोघांचं शतक तेवढं एक.

आत आज राम-सीता-लक्ष्मण आहेत, पण दारावरची शिल्पं बघता देऊळ मुळात शिवाचं.

---

लेणीवेडा

बरं, वेरूळ मागे घेतो. पण एक गोष्ट कैलासाला नाही ती इथे आहे: समोरचा मोठा आयताकृती तलाव. देवळाचं तोंड ईशान्येला, म्हणून सकाळी नऊच्या आत पोहोचा. उन्हाने दर्शनी भाग उजळतो आणि पाण्यात प्रतिबिंब पडतं. अकरानंतर उजेड सपाट होतो आणि फोटोत सगळं मातकट येतं. तलावाच्या पलीकडच्या काठावरून काढा. मग बाजूच्या दगडी जिन्याने वर गेलं की समोर धौलाधार. पायऱ्या झिजलेल्या आहेत, आई-बाबांनी खालूनच पाहिलं तरी चालेल.

पाणी आणि खाणं सोबत न्या, आसपास फारसं काही मिळत नाही. कांगड्याहून वळणावळणाचा रस्ता, सव्वा ते दीड तास.

---

मोडीवाला

नऊच्या आत, हे सोन्यासारखं सांगितलंत. वालुकाश्माला सकाळी जो रंग येतो तो दुपारी नाही.

---

निरंजन_वात

ज्वालामुखीबद्दल कुणी बोललं नाही. मूर्ती नाही, खडकाच्या भेगांतून जळणाऱ्या ज्योतीच देवी. खालून नैसर्गिक वायू येतो. तेल-वायू शोधणाऱ्यांनी या भागात विहिरीही खोदून पाहिल्या. कळसावरचा सोन्याचा मुलामा रणजितसिंगांचा.

ज्योती लहान असतात, मशालीएवढ्या नव्हेत. एखादी विझलेलीही दिसते, पुजारी पुन्हा लावतात. बाजारातून चढत जाणारी गल्ली लांब आहे. कातडी पट्टा, पाकीट गाडीत ठेवा. रविवार टाळा, मंगळवारीही गर्दी असते. खोऱ्याच्या दक्षिण टोकाला असल्यामुळे जाऊन-येऊन दिवस जातो. श्रद्धा असेल तर जा. 'बघायला' म्हणून जात असाल तर सहा दिवसांत मी गाळीन.

---

घाटवाट

+१. आणि चामुंडा वाटेवरच आहे, सपाट आहे, बनेरच्या काठाला. अर्धा तास पुरे. इमारत नवी.

---

पाचवा_वेद

गद्दी मेंढपाळांची गाठ पडेल का हो नोव्हेंबरमध्ये? आपल्या धनगरांसारखेच ना ते?

---

घाटवाट

पडेल, हाच मोसम आहे. साम्य भटकंतीचं, पण हिशेब वेगळा. आपले धनगर पावसाच्या हिशेबाने देशावरून कोकणात उतरतात, गद्दी उंचीच्या हिशेबाने. उन्हाळ्यात धौलाधारच्या खिंडी ओलांडून चंबा, बडा भंगाल, थेट लाहौलच्या कुरणांत. थंडी लागली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाली कांगड्याच्या जंगलांत. कळपाला 'धण' म्हणतात, मेंढपाळाला 'पुहाल'.

वेश ओळखायचा तर लोकरीचा घोळदार चोळा आणि कमरेला काळ्या लोकरीचा दोर, 'डोरा', कितीतरी वेढे घेतलेला. तो नुसता शोभेचा नाही. चढताना कमरेला आधार आणि चोळ्याच्या वरच्या घोळात नुकतं जन्मलेलं कोकरू ठेवता येतं.

गाडीतून जाताना धण समोर आला की इंजिन बंद करून थांबा. भोंगा वाजवला की मेंढ्या दरीच्या बाजूला बुजतात आणि नुकसान पुहालाचं होतं. कुत्र्यांपासून लांब राहा. बिबट्यासाठी त्यांच्या गळ्यात काटेरी पट्टा असतो, आणि अनोळखी माणूस कळपात शिरला की ते बिबट्यात आणि त्याच्यात फरक करत बसत नाहीत. फोटो विचारून.

---

देवदार

एक दुरुस्ती. गद्दी म्हणजे सगळे मेंढपाळ, असं नाही. धर्मशाला-पालमपूर पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली गद्दी गावं आहेत: शेती, नोकऱ्या, दुकानं, लष्कर. मेंढ्या फार थोड्यांकडे उरल्या. शिवाचा 'नुआला' मात्र घरोघरी होतो, रात्रभर गाणी. तो घरचा विधी आहे, पर्यटकांचा खेळ नाही. बोलावलं तरच जावं.

खोऱ्यातली दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे 'कूहल'. खड्डातून, म्हणजे ओढ्यातून, गोट्या-फांद्यांचा बांध घालून, उतारावरून शेतात नेलेले पाट. दर पुरात तोंड वाहून जातं, दर वर्षी पुन्हा बांधायचं. पाण्याची पाळी ठरवणारा 'कोहली'. पालमपूरच्या आसपास रस्त्याकडेने पाणी खळखळताना दिसलं की ते गटार समजू नका. त्याच पाण्यावर कुठे कुठे 'घराट' चालतात, आडव्या चाकाच्या पिठाच्या गिरण्या.

---

चहात्कार

पालमपूर आलं म्हणून. कांगड्यात चहा १८४९ च्या सुमारास आला, चिनी जातीची लहान पानाची झाडं. १९०५ च्या भूकंपात कारखाने पडले, इंग्रज मळेवाले विकून गेले, धंदा बसला तो पूर्वपदाला आलाच नाही. भौगोलिक मानांकन २००५ चं.

तोडणी एप्रिल ते ऑक्टोबर. नोव्हेंबरात मळे हिरवे असतील, पण कारखाना चालू मिळेलच असं नाही, फोन करून जा. विकत घेताना एप्रिलच्या तोडणीचा मागा. करताना २०० मिलि पाण्याला दोन-अडीच ग्रॅम, पाणी उकळून मिनिटभर थांबवलेलं, तीन मिनिटं झाकण. दूध-साखर-आलं घालून उकळलात तर पिवळसर पाणी मिळेल आणि दोष कांगड्याला द्याल. हा आसामसारखा कडक चहा नाही.

---

गोगलगाय

बाबांना सत्तरीत बिनदुधाचा चहा? सहल तिथेच संपेल.

---

चुलीपाशी

जेवणाचं कुणीच नाही लिहिलं! कांगड्याची 'धाम'. लग्नाकार्यात, देवळाच्या भंडाऱ्यात होते. रांधणारे 'बोटी', पिढीजात ब्राह्मण स्वयंपाकी. जमिनीत खणलेल्या लांब चरात लाकडं पेटवून त्यावर अरुंद तोंडाच्या पितळी बटलोया. कांदा-लसूण नाही. टौर वेलीच्या पानांच्या पत्रावळी, पंगत जमिनीवर, भात वारंवार आणि त्यावर एकामागून एक पदार्थ: मदरा, डाळी, काळ्या चण्यांचं खट्टं, शेवटी गोड. सगळं एकदम वाढत नाहीत, म्हणून मदऱ्यावरच पोट भरू नका.

मदरा घरी करायचा तर: एक वाटी काबुली चणे रात्रभर भिजवून मऊ शिजवा. अर्धा किलो दही फ्रीजमधून दोन तास आधी बाहेर काढा, त्यात चमचाभर तांदळाची पिठी घालून घुसळा. चार मोठे चमचे तूप, त्यात जिरं, लवंग, दालचिनी, मोठी आणि हिरवी वेलची. गॅस मंद करून हळद-धणेपूड, लगेच दही. आता हात थांबवायचा नाही, उकळी येऊन तूप कडेला सुटेपर्यंत ढवळत राहा. मग चणे, पंधरा-वीस मिनिटं मंद आच, मीठ अगदी शेवटी.

फुटतो का? दही गार असतं, आच मोठी असते किंवा मीठ आधी पडतं. पिठीमुळे दह्याचे गोळे होत नाहीत. आणि पितळी भांडं वापरणार असाल तर कल्हई हवीच, आंबट दही आहे.

---

उंबरठा

बापरे, केवढं दिलंत सगळ्यांनी! वाखुसा (वाचनखूण साठवली). मदरा या रविवारीच. पण मूळ प्रश्न उरला: क्रम? आणि मुक्काम एक की दोन? पौंग धरणातली बाथूची देवळंही कुणीतरी सुचवली होती.

---

घाटवाट

दोन मुक्काम. रोज हॉटेल बदलू नका.

पहिले तीन दिवस कांगडा किंवा खालची धर्मशाला. पहिला दिवस पोहोचण्यात. विमानाने आलात तर गग्गलला दृश्यमानता बिघडली की उड्डाणं रद्द होतात, म्हणून पहिल्या दिवशी काही ठेवू नका. दुसरा: पहाटे निघून मसरूर, परतताना किल्ला आणि शेजारचं संग्रहालय. तिसरा: सकाळी ब्रजेश्वरी, दुपारी मॅक्लिओडगंज. वर गाडीने अडकण्यापेक्षा धर्मशालेहून रोपवे आहे, २०२२ पासून. खाली येताना सिद्धपूरचं नोरबुलिंका, तिबेटी थांगका (कापडावरची धार्मिक चित्रं) आणि लाकूडकाम बघायला. बसायला सावली आहे, आई-बाबांना आवडेल.

चौथा दिवस चामुंडामार्गे पालमपूरला मुक्काम हलवा. पाचवा: सकाळी आठला बैजनाथ, मग बीड (मराठवाड्यातलं नव्हे, इथलंच गाव). बिलिंगहून उडणारी पॅराग्लायडर उतरतात तिथे मैदानात बसून बघण्यातही मजा आहे. परतताना अंद्रेटा: कुंभारकाम आणि सोभा सिंग यांचं चित्रदालन. सहावा परतीचा. रेल्वे चालू असेल तर पाचव्या दिवशी पालमपूर-पपरोला गाडीने, टॅक्सी पुढे पाठवा.

---

मोडीवाला

क्रम पटला. फक्त तिसऱ्या दिवशी ब्रजेश्वरीऐवजी कुणाला चित्रकलेची आवड असेल तर धर्मशालेचं कांगडा कला संग्रहालय. सोमवारी बंद असतं, बेत वार बघून करा.

---

पंखपिसारा

बाथूची देवळं नोव्हेंबरात पाण्याखाली असतात. पौंगचा जलाशय पावसाळ्यात भरतो, पाणी ओसरून देवळं उघडी पडतात ती साधारण मार्च ते जून. आत्ता गेलात तर नावाडी फार तर शिखराचं टोक दाखवतील. पण त्याच पाण्यावर नोव्हेंबरमध्ये पट्टकादंब उतरायला लागलेले असतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालयापलीकडून आलेले. नगरोटा सूरियाँच्या बाजूचा काठ बरा आणि तो मसरूरहून जवळच. दुसऱ्या दिवशी किल्ला गाळून इकडे वळलात तर आई-बाबांची चढणही वाचेल. दुर्बीण ८×४२, आणि गाडी काठावर अगदी कडेला नेऊ नका. पाणी ओसरलेली जमीन वरून कोरडी दिसते आणि खाली चिखल असतो, चाक रुततं.